तिसरा माणूस : समोरच्याच्या विम्यातून आपल्या गाडीची भरपाई, या हक्काचा इतिहास

(हिंगोली इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणांना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात हे गाडीचं आणि विम्याचं काय काढलं? शिवकाल नाही, निजामशाही नाही, थेट बंपर आणि बॉनेट! (हशा) पण इतिहास फक्त किल्ल्यांवर नसतो. तो आपल्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलेल्या पॉलिसीच्या कागदातही असतो. आपण तो कागद वाचत नाही, एवढंच.

एक प्रसंग कल्पनेनं उभा करू. समजा, तुम्ही नांदेडहून हिंगोलीला येताय. अर्धापूर गेलं, वारंगा फाटा गेला, आखाडा बाळापूर मागे पडलं. समोरून येणारा पिकअप इशारा न देता आडवा वळला. तुम्ही ब्रेक मारला, तरी धडक बसलीच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. पण बंपर, एक दिवा, बॉनेट, रेडिएटर, सगळं गेलं. पिकअपवाला खाली उतरतो, हात जोडतो. "साहेब, चुकी माझी झाली. माझा इन्शुरन्स हाय, सगळं भरून देतो." चार माणसं जमतात, नंबर घेतले जातात, चहा होतो आणि प्रकरण मिटतं.

दोन दिवसांनी तो फोन उचलत नाही. तुम्ही त्याच्या विमा कंपनीत जाता. तिथला माणूस म्हणतो, "तुम्ही आमचे ग्राहक नाही. तुमच्या कंपनीकडे क्लेम करा." तुम्ही आपल्या कंपनीकडे जाता. ती म्हणते, "देतो की. पण घसारा कापू, आणि पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस मिळणार नाही." म्हणजे चूक त्याची, हप्ते माझे, आणि बोनसही माझाच गेला.

याचा हिशोब करून बघू, म्हणजे किती रुपयांची गोष्ट आहे ते कळेल. हे आकडे उदाहरणासाठी घेतो, पण कापण्याचे दर खरे आहेत. गाडी सहा वर्षं जुनी. गॅरेजचं बिल ६०,००० रुपये. त्यात प्लॅस्टिकचे भाग २४,००० चे, लोखंडी-पत्र्याचे भाग १६,००० चे, मजुरी २०,०००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे १२,००० गेले. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर ४० टक्के, म्हणजे ६,४०० गेले. वर १,००० रुपये सक्तीचा स्वतःचा वाटा. एकूण १९,४०० तुमच्या खिशातून. आता बोनस. तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० धरला, तर तुम्ही ४,००० भरत होता. क्लेम घेतला की बोनस शून्य. मग पुन्हा २० टक्के, २५, ३५, ४५ अशी पायरी-पायरीनं चढण. पाच वर्षांत तुम्ही १०,००० रुपये जादा भरता. म्हणजे ६०,००० च्या नुकसानीत जवळजवळ ३०,००० तुमचे, आणि चूक तुमची नव्हती.

हे एका उद्धट कारकुनाचं काम आहे का? नाही. तो कारकून जे वाक्य बोलला, "तुम्ही आमचे ग्राहक नाही", त्या वाक्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि ते वाक्य अर्धं खरं आहे. अर्धं खोटं कसं झालं, ते आज सांगायचं आहे.

दोघांचा करार आणि बाहेर उभा असलेला तिसरा

विमा हा मुळात दोघांचा करार. मी हप्ता भरतो, कंपनी जोखीम घेते. मी पहिला पक्ष, कंपनी दुसरा. ज्याला माझ्या गाडीनं ठोकलं तो या करारात कुठेच नाही. तो तिसरा. 'थर्ड पार्टी' हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो शब्द सांगतो की हा माणूस कराराच्या दाराबाहेर उभा आहे.

दाराबाहेर उभं राहण्याची किंमत काय असते, हे इंग्लंडमध्ये १९२८ साली दिसलं. हॅरिंग्टन मोटर कंपनी नावाची एक कंपनी होती. तिच्या गाडीनं एका पादचाऱ्याला जखमी केलं. त्यानं दावा लावला, जिंकला. मधल्या काळात ती मोटर कंपनी दिवाळखोरीत गेली. विमा कंपनीनं भरपाईची रक्कम दिली. ती गेली कुणाकडे? जखमी माणसाकडे नाही, तर बुडालेल्या कंपनीच्या सगळ्या देणेकऱ्यांच्या सामायिक पेटीत. न्यायालय म्हणालं, करार कंपनी आणि विमा कंपनी यांचा, पैसा करारातल्या पक्षाचा. हात-पाय ज्याचा मोडला त्यानं रांगेत उभं राहावं, इतर सावकारांच्या मागे.

एवढा उघड अन्याय झाल्यावर कायदा बदलावा लागला. १९३० साली ब्रिटनमध्ये दोन कायदे आले. एकानं विमाधारक बुडाला तर त्याचा विमा कंपनीवरचा हक्क सरळ तिसऱ्या माणसाकडे दिला. दुसऱ्यानं, म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्टनं, तिसऱ्या माणसासाठीचा विमा सक्तीचा केला. पण लक्षात ठेवा, हा सक्तीचा विमा होता शरीरासाठी : मृत्यू आणि दुखापत. मोडलेल्या गाडीसाठी नव्हता. हा फरक आपल्याला शेवटपर्यंत पुरणार आहे.

आपल्याकडे काय झालं

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला मोटार कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी होती, परवाना होता, विमा नव्हता. १९३९ साली मोठा मोटार वाहन कायदा आला आणि त्याच्या आठव्या प्रकरणात तिसऱ्या माणसाचा सक्तीचा विमा आला. पण ते प्रकरण लगेच सुरू झालं नाही. मधे महायुद्ध झालं. आठवं प्रकरण प्रत्यक्ष अंमलात आलं १ जुलै १९४६ रोजी.

आणि हिंगोलीत? हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात आणि परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात. इथे एकेकाळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागत नव्हता. निजामाच्या राज्यात रस्त्यावरची मोठी वाहनं बरीचशी सरकारचीच. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ साली २७ गाड्या घेऊन बससेवा सुरू केली होती. सरकारच्या बसनं ठोकलं तर रयतेनं भांडायचं सरकारशी, आणि ते सरकार कसं होतं हे मराठवाड्याला मी सांगायला नको. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५० नंतर हैदराबाद हे भारतीय संघराज्यातलं 'ब' वर्ग राज्य झालं, आणि मध्यवर्ती कायदे इकडे येऊ लागले.

१९५६ हे वर्ष आपल्या दृष्टीनं दुहेरी महत्त्वाचं. १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली. आपण ज्याला कोर्टाच्या आवारात 'एमएसीटी' म्हणतो ते. त्याआधी अपघाताचा दावा म्हणजे साधा दिवाणी दावा. मोठा मुद्रांक, लांब तारखा, सगळं जमिनीच्या बांधाच्या भांडणासारखं. न्यायाधिकरणाची कल्पना अशी की कमी खर्चात, साध्या अर्जावर, कमी तांत्रिकतेनं निकाल लागावा. पण हा दरवाजासुद्धा मृत्यू आणि दुखापतीपुरताच उघडला होता. गाडीवाल्यानं अजून दिवाणी न्यायालयातच जायचं.

गाडीसाठी दरवाजा उघडला १९६९ च्या दुरुस्तीनं, जी २ मार्च १९७० पासून लागू झाली. तिथे पहिल्यांदा तिसऱ्या माणसाच्या 'मालमत्तेचं नुकसान' सक्तीच्या विम्यात आणि न्यायाधिकरणाच्या अधिकारातही आलं. एक गोष्ट मला इथे मुद्दाम सांगायची आहे. आपण समजतो की असले हक्क आधी तिकडे येतात आणि मग आपल्याकडे. ब्रिटनमध्ये मालमत्तेच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला १९८८ च्या अखेरीस, तोही युरोपच्या नियमांमुळे. आपण १९७० लाच केला होता. म्हणजे या एका बाबतीत आपण जवळजवळ एकोणीस वर्षं पुढे होतो.

फक्त रक्कम किती होती? २,००० रुपये. (हशा) हो, सगळं मिळून २,००० रुपये. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ ला सुरू झाला, तेव्हा त्यात हा आकडा होता ६,०००. त्याच्या काही वर्षं आधी, १९८३ च्या डिसेंबरात, मारुती ८०० आली ती पन्नास हजारांच्या आसपास किमतीला. म्हणजे नवी कोरी मारुती कुणी पार चेपली तरी कायद्यानं सक्तीची जबाबदारी ६,००० ची. हक्क दिला, पण पानावर वाढताना हात आखडता घेतला.

६,००० चा आकडा अजून जिवंत आहे

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. जुनं झालेलं नाही. घरी गेल्यावर आपली पॉलिसी काढून बघा. खासगी कारच्या पॉलिसीत तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सामान्यतः ७,५०,००० रुपये असते, दुचाकीच्या पॉलिसीत १,००,०००. पण एक पर्याय असतो : ही मर्यादा ६,००० पर्यंत खाली आणायची, आणि बदल्यात हप्त्यात थोडी सूट घ्यायची. खासगी कारला ही सूट किती, तर १०० रुपये. शंभर रुपये वाचवायला आपण ७,४४,००० रुपयांचं संरक्षण सोडून देतो. पुष्कळदा गाडीमालकाला हे माहीतही नसतं. हप्ता कमी दिसावा म्हणून कुणीतरी खूण केलेली असते.

आपल्या गोष्टीतल्या पिकअपची पॉलिसी अशी असेल, तर कंपनीची जबाबदारी ६,००० वर थांबेल आणि उरलेले पैसे पिकअपच्या मालकाकडून वसूल करावे लागतील. म्हणून समोरच्याचा विमा 'आहे' एवढं पुरत नाही, विमा 'किती' आहे हे बघावं लागतं. आणि हे उलट्या बाजूनंही खरं आहे. उद्या चूक तुमची झाली, तर शंभर रुपयांच्या सुटीसाठी तुमचं शेत नाहीतर पगार पणाला लागलेला असेल.

कंपन्यांचा आपसातला समझोता

आता तो प्रश्न, की "तुमच्याच कंपनीकडे जा" हे वाक्य कुठून आलं.

मोटार विमा वाढला तसं विमा कंपन्यांच्या लक्षात आलं की आज माझ्या ग्राहकानं तुझ्या ग्राहकाला ठोकलं, उद्या तुझ्यानं माझ्याला. दरवेळी एकमेकींवर दावे लावले तर वकिलांचं भलं होईल, हिशोब शेवटी जवळपास फिटेलच. म्हणून त्यांनी आपसात करार केले : चूक कुणाचीही असो, ज्यानं त्यानं आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यायची, दुसऱ्या कंपनीकडे मागायचं नाही. याला इंग्रजीत 'नॉक फॉर नॉक' म्हणतात. तुझी धडक तुला, माझी धडक मला. ब्रिटनमध्ये ही पद्धत मुरली, आपल्याकडेही आली.

आपल्याकडे तिला आणखी एक बळ मिळालं असं माझं मत आहे. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ विमा संस्थांच्या चार कंपन्या झाल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. यातली न्यू इंडिया तर १९१९ साली सर दोराबजी टाटांनी मुंबईत काढलेली. चारही कंपन्या एका जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या छताखाली. आता एकाच घरातल्या चार भावांनी एकमेकांवर दावे कशाला लावायचे? डाव्या खिशातून उजव्या खिशात. जवळजवळ तीन दशकं हा धंदा एकाच घरात होता. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या, घर वाटलं गेलं, पण सवय राहिली. कंपनीच्या माणसांनाही वाटू लागलं आणि आपल्यालाही, की गाडीचं नुकसान म्हणजे आपल्याच पॉलिसीवर घ्यायचं, कायदाच तसा आहे.

कायदा तसा नाही. हा कंपन्यांचा आपसातला करार आहे. तुम्ही त्यावर सही केलेली नाही. जो नियम तुम्हाला दाराबाहेर ठेवत होता, तोच इथे तुमच्या बाजूनं लागतो : दोघांच्या करारानं तिसऱ्याचा हक्क बुडत नाही. इंग्लंडमधल्या न्यायालयांनी १९३६ सालीच हे स्पष्ट केलं होतं, की कंपन्यांनी आपसात काहीही ठरवलं तरी गाडीमालकाचा चूक करणाऱ्यावरचा दावा शाबूत राहतो.

न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगतो. ही पद्धत निव्वळ लबाडी नाही. आपल्या कंपनीकडे क्लेम केला की काही दिवसांत-आठवड्यांत गाडी रस्त्यावर येते. न्यायाधिकरणात वर्षं जाऊ शकतात. ज्याची गाडी रोजच्या पोटापाण्याची आहे, त्याला आपल्या पॉलिसीतून काम करून घेणं शहाणपणाचं असू शकतं. पण वाचलेला खर्च आणि त्रास कुणाचा, आणि गेलेला बोनस कुणाचा, हे विचारायला नको का? समझोत्याचा फायदा दोन्ही कंपन्यांना. त्याची किंमत मात्र भरतो तो, ज्याची चूक नव्हती.

न्यायालयांनी काय दिलं, काय नाही

न्यायालयांचा इतिहासही सरळ नाही. मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली सांगितलं की भरपाई हवी तर समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल. नुसता अपघात झाला एवढं पुरत नाही. पुढे मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी 'चूक सिद्ध न करता' ठरावीक रक्कम देण्याची सोय झाली. आज ती मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. गाडीला अशी सोय नाही. गाडीवाल्याला चूक सिद्ध करावीच लागते.

दुसरं, ग्राहक न्यायालय. पुष्कळ जण म्हणतात, "कंपनीला ग्राहक मंचात खेचतो." आपल्या स्वतःच्या कंपनीला खेचा, जरूर. पण समोरच्याच्या कंपनीचे तुम्ही ग्राहक नाही. कारकुनाचं वाक्य इथे खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं की मोटार अपघाताची भरपाई ठरवणं हे ग्राहक मंचाचं काम नाही, त्यासाठी न्यायाधिकरण आहे. पण न्यायाधिकरणासमोर जायला ग्राहक असावं लागत नाही. तिथे तिसरा माणूस असणं हीच तुमची पात्रता. कारकुनाचं वाक्य तिथे खोटं ठरतं.

तिसरं, ठिकाण. पूर्वी अपघात जिथे झाला तिथेच अर्ज करावा लागे. १९९४ च्या दुरुस्तीनं अर्जदार राहतो त्या ठिकाणीही अर्ज करायची मुभा दिली. अपघात सोलापूरजवळ झाला, तुम्ही हिंगोलीत राहता, तर हिंगोलीतच अर्ज करता येतो. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या जुन्या गाड्यांवर अजून परभणीचा एमएच-२२ आहे आणि नव्यांवर एमएच-३८. नंबर बदलला, तसं आपल्या दारातलं न्यायालयही आलं. पण ते वापरायचं असतं हे ध्यानात आलं का?

चौथं, मुदत. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून नीट ऐका. १९५६ मध्ये अर्जाची मुदत होती साठ दिवस. १९७० पासून सहा महिने झाली. १९८८ च्या कायद्यातही सहा महिनेच. १९९४ मध्ये संसदेनं मुदतच काढून टाकली, कारण खेड्यापाड्यातल्या लोकांचे खरे दावे नुसत्या तारखेवर बुडत होते. पंचवीसेक वर्षं हे मोकळं रान होतं. मग २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची अट परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. पण त्या भरवशावर बसू नका. जुन्या वकिलांच्या, जुन्या शेजाऱ्यांच्या डोक्यात अजून १९९४ चा कायदा आहे. ते म्हणतील, "अहो, कधीपण करता येतो." ते मनानं चांगलेच आहेत, पण सहा महिने गेले की त्यांचा चांगुलपणा तुमच्या कामाचा नाही.

'चुकी माझी झाली' या वाक्याचं काय होतं

पिकअपवाल्याकडे परत येऊ. रस्त्यावर तो चूक कबूल करत होता, मग फोन का उचलत नाही? दर वेळी तो लबाडच असतो असं नाही. त्याच्या पॉलिसीत एक अट असते : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही. त्यानं एजंटला फोन केला असेल, एजंट म्हणाला असेल, "गप बस, काही लिहून देऊ नको." म्हणजे रस्त्यावर जे माणुसकीनं बोललं गेलं, ते कागदानं परत घेतलं. म्हणून तोंडी कबुलीवर विसंबू नका, पुरावा त्याच वेळी गोळा करा. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा : दोन्ही नंबर, टायरच्या खुणा, रस्त्याची बाजू. साक्षीदाराचं नाव घ्या. पोलीस ठाण्यात खबर द्या आणि नोंदीची प्रत मागा. "कुणाला लागलं नाही, कशाला नोंद?" असं म्हणतील. नम्रपणे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मग मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला लेखी नोटीस. गाडी उघडण्याआधी त्यांचा सर्व्हेअर येऊन बघू शकतो, असं पत्र द्या. आले तर उत्तम, नाही आले तर "आम्हाला गाडी बघायला मिळाली नाही" हे त्यांना नंतर म्हणता येणार नाही. बिलं, पावत्या, गाडी किती दिवस बंद होती त्याचा हिशोब, सगळं एका फायलीत. अर्जात मालक, चालक आणि कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आपल्या आजोबांनी बांधाच्या भांडणात जमिनी घालवल्या, त्या अनुभवातून ही म्हण आली. तिला मी हसणार नाही. पण न्यायाधिकरण आणि लोक अदालत या गोष्टी त्या म्हणीनंतर आल्या, आणि ती पायरी बुटकी करण्यासाठीच आल्या. आणि आपण पायरी चढणार नाही, हे समोरच्या कंपनीला पक्कं ठाऊक असेल, तर तिनं आपल्या पत्राला उत्तर तरी का द्यावं?

१९२८ साली तो पादचारी दाराबाहेर उभा होता. १९३० मध्ये त्याच्यासाठी दार उघडलं, १९४६ मध्ये आपल्या देशात, आणि १९७० मध्ये त्याच्या मोडक्या गाडीसाठीही. आपण आत गेलो नाही तर ते दार उघडं असून नसल्यासारखं. मला एवढंच सांगायचं होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*आपल्या कंपनीकडून पैसे घेतले, तर समोरच्यावर दावा करता येतो का?*

तेच पैसे दोनदा घेता येत नाहीत. विमा म्हणजे भरपाई, नफा नव्हे. तुमच्या कंपनीनं ४०,६०० दिले, तर तेवढ्यापुरता वसुलीचा हक्क तुमच्या कंपनीकडे जातो. ती समझोत्यामुळे तो वापरत नाही, हा तिचा प्रश्न. पण घसाऱ्यात कापलेले आणि सक्तीच्या वाट्याचे १९,४०० तुमचेच गेले आहेत, त्यांची मागणी तुम्ही करू शकता. मात्र आपल्या कंपनीला सही करून देताना कागद वाचा. 'माझं संपूर्ण नुकसान भरून निघालं' असं लिहून दिलं, तर समोरची बाजू तोच कागद दाखवणार.

*समोर एसटी किंवा सरकारी गाडी असेल तर?*

सरकारी वाहनांना आणि राज्य परिवहन उपक्रमांना, अटींवर, सक्तीच्या विम्यातून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे. परिवहन उपक्रमाला त्यासाठी स्वतःचा निधी ठेवावा लागतो. तेव्हा तिथे विमा कंपनी नसेलही. मग तो उपक्रम किंवा शासन हेच सामनेवाले. न्यायाधिकरण तेच, मुदतही तीच.

*आणि समोरच्याचा विमाच नसेल तर?*

तर दंड होतो : पहिल्यांदा २,०००, पुन्हा सापडला तर ४,००० किंवा तुरुंगवास. पण तो दंड सरकारला जातो, तुम्हाला नाही. भरपाई मालकाकडूनच वसूल करावी लागते. विम्याविना धावणाऱ्या गाड्या इतक्या होत्या, की १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तिसऱ्या माणसाचा विमा एकदम घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तेव्हा घरी जाऊन समोरच्याची नाही, आधी स्वतःच्या पॉलिसीची तारीख बघा. (हशा) आणि ती ६,००० ची खूण आहे का, तेही बघा.